मोटारीच्या दारातलं पाणी

नवसीबद्दल मी लिहिलेलं तिला मुळीच आवडलं नसतं. तिच्याबद्दल बोलून मी एकदा पुरेसं नुकसान केलं आहे. पण बोईसरात तिची आठवण सांगणारं आता दुसरं कुणी उरलेलं नाही, म्हणून हे माझ्याकडे आलं.

सालवडच्या पलीकडच्या पाड्यावरून ती रोज सकाळी चालत यायची. आमच्या डॉक्टरांचा दवाखाना झाडायची, पट्ट्यांची फडकी उकळायची, विहिरीचं पाणी आणून गाडी धुवायची. बाई काटकुळी, पण दोन्ही हातांत भरल्या बादल्या असल्या तरी थेंब सांडायचा नाही. सगळ्यांना एकेरीत हाक मारायची. डॉक्टरांनाही "जेवलास का?" विचारायची आणि ते हसून "जेवलो" म्हणायचे. मी चंद्रभान, त्यांचा ड्रायव्हर. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम निघालं तेव्हा नोकरीच्या आशेने संगमनेरहून आलो होतो. ती मिळाली नाही, ही मिळाली.

गाडी जुनी, विलायती, तळाचा पत्रा गंजून चाळण झालेला. सहासष्ट सालच्या उन्हाळ्यात मी ती तारापूरच्या किनाऱ्यावर चिंधूकडे नेली. चिंधू होड्या सांधायचा. फळ्यांच्या फटीत कापसाची वात ठासायची, वरून राळ आणि तेल. पत्र्याची भोकं त्याने तशीच बुजवली, आणि झकास बुजवली. मग माझी नजर दारांच्या खालच्या कडेला गेली. प्रत्येक दाराला तीन-तीन भोकं. म्हटलं, हीही बुजवून टाक.

चिंधू वाकून बघत राहिला. "अरे, ही गंजाची नाय वाटत. सारकी हायत. कुनीतरी मुद्दाम पाडलेली."

"पाणी आत यावं म्हणून कोण शहाणा मुद्दाम भोकं पाडेल?" मी म्हणालो. "तू आपली होडी समज आणि बुजव."

त्याने बुजवली. मी डॉक्टरांना छाती फुगवून सांगितलं, आता गाडी खाडीत घातली तरी चालेल.

आषाढात गाडीत पायाखाली पाणी दिसायला लागलं. मी काचेच्या रबराला मेण चोळलं, टपाच्या सांध्यांना डांबर फासलं, चटया चुलीपाशी वाळवल्या. दुसऱ्या दिवशी चटया पुन्हा चिंब, आणि आत कुबट वास.

एका सकाळी नवसीने गाडीचं दार दोनदा उघडलं, दोनदा लावलं. "चंदरभान, या दारात पानी हाय. आयक, डुचमळतंय."

"तुझ्या डोक्यात डुचमळतंय," मी म्हणालो. मोटारीतलं मला कळणार की बादलीवालीला? ती बादली उचलून विहिरीकडे गेली.

त्याच आठवड्यात मनोरला एक बाळंतीण अडली म्हणून आम्ही निघालो. डॉक्टरांनी बॅग पायाशी ठेवली होती. तिथे पोचून उघडली तर कापूस, पट्ट्या, औषधांच्या पुड्या, सगळं भिजलेलं. बाई वाचली, मूलही वाचलं. दवाखान्यात परत येऊन उतरल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "चंद्रभान, हे पाणी येतं तरी कुठून?"

मला माहीत नव्हतं. तेवढं सांगितलं असतं तरी भागलं असतं. पण "मला कळत नाही" हे शब्द तोंडातून निघेनात. नोकरी जाण्याची भीती होती, आणि त्याहून मोठी म्हणजे जाणकार म्हणून मिरवलेली शेखी. मी म्हणालो, "नवसी काचा उघड्या ठेवून बादल्या ओतते, डॉक्टरसाहेब."

ती उंबऱ्याशीच उभी होती. डॉक्टरांनी तिला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. हातातला खराटा भिंतीला टेकवून ती निघून गेली. दाराचं तिने नाव काढलं नाही. काढलं असतं तरी डॉक्टरांनी माझंच खरं मानलं असतं, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही.

पुढे चार दिवस गाडी कुणीच धुतली नाही. पाणी तरीही येतच होतं. पाचव्या दिवशी मी दाराचा आतला पुठ्ठा काढला. आत वीतभर पाणी. काचेवरून ओघळणारा पाऊस दाराच्या पोटात उतरतो आणि खालच्या भोकांतून निघून जातो, त्यासाठीच ती भोकं ठेवलेली. ती बुजल्यावर पाणी दारात साठून पुठ्ठ्याच्या फटींतून गाडीत झिरपत होतं. मी खिळ्याने चिंधूचा कापूस उपसला, तसं गढूळ पाणी भसाभसा माझ्या पायांवर आलं. चारही दारांतून आलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टर बाहेर आले. "सापडलं वाटतं?"

"हो साहेब. नवसीनं ओतलेलं पाणी दारांत साठलं होतं."

हे दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं गेलं. त्याची मला आजही जास्त लाज वाटते.

डॉक्टर मुळात मायाळू. म्हणाले, "जा, बोलावून आण तिला. दवाखान्याचा उकिरडा झालाय."

मी पाड्यावर गेलो. नवसी भाताची लावणी करत होती. बांधावर येऊन तिने विचारलं, "पानी दारातच होतं ना?"

"होतं."

"डागदरला सांगतलंस? माजा कसूर नाय म्हनून?"

"सांगितलं."

"मंग येते," ती म्हणाली, आणि तिथल्याच पाण्यात तिने हात धुतले.

दुसऱ्या दिवशी ती आली. बाकावर पाच-सहा रोगी बसलेले. तिला बघून डॉक्टर खुशीत म्हणाले, "ये नवसे. झालं गेलं विसर. फक्त यापुढे गाडीवर पाणी जपून ओतत जा."

तिने वळून माझ्याकडे पाहिलं. मला एवढंच म्हणायचं होतं, साहेब, चूक माझी. तेवढ्या माणसांदेखत ते माझ्याच्याने झालं नाही. मी किल्ल्यांशी चाळा करत उभा राहिलो.

नवसीने दवाखाना झाडला, फडकी उकळली. गाडीला मात्र हात लावला नाही. त्या दिवशी नाही आणि पुढे ती नऊ वर्षं कामाला होती, तेव्हाही नाही. कुणाला कारण सांगितलं नाही. बादली मी उचलली. मी गाडी धूत असलो की डॉक्टर येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने दाखवायचे, "हा आमचा चंद्रभान. गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नाही." नवसी तिथेच ओटा झाडत असायची. ती ऐकायची आणि झाडत राहायची.