उसनी हजेरी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. अब्बांना नाही, कॉलेजातल्या मैत्रिणींना नाही. आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तिला तर — पण थांबा, तिथवर यायला मला थोडा वेळ लागेल. तुम्ही ऐकताय ना?

आमचं घर पिंजाऱ्याचं. अब्बा खांद्यावर पिंजण टाकून मुळशीची गावं फिरत आणि लोकांच्या गाद्यांमधला कापूस पिंजून देत. पण आमच्याकडचा पाऊस! चार महिने कापूस दमट, म्हणजे चार महिने पिंजण भिंतीला. त्या दिवसांत सात माणसं आणि एक शेळी एका खोलीत, आणि जेवायला बहुतेक कण्यांची पेज. माझी पाटी त्याच शेळीच्या पायाखाली फुटली. तळहाताएवढा एक तुकडा उरला, तो मी आणि माझा भाऊ मिळून वापरायचो. बाराचा पाढा लिहिताना बारा सत्तेवर आलं की बारा एके पुसावं लागे.

शाळा मारुतीच्या देवळात. चार वर्ग, एक गुरुजी. देवळाच्या दाराला आतून काळा रंग दिलेला, तोच आमचा फळा. कुणी दर्शनाला आलं की दार उघडावं लागे, आणि अर्धवट गणित भिंतीकडे तोंड करून उभं राही. गुरुजींच्या मागे जनगणना, दूधपावडर, नसबंदीला माणसं गोळा करणं — राहिलेल्या वेळात आम्ही. तरी सांगते, मला शाळा लई आवडायची. पिंजाऱ्याच्या जैबूला पाढे येतात म्हणून गावातली माणसं मला हाका मारून थांबवायची आणि एकोणतीस नव्वे विचारायची. मी फुगायची. अजून फुगते, खोटं कशाला बोलू?

खिंडीपलीकडच्या गावात आमच्यापेक्षाही लहान शाळा होती. तिथं पटावर बत्तीस पोरं आणि बसायला नऊ. बाकीची शेळ्यांमागे. जूनमध्ये गुरुजी धनगरवाड्यावर जाऊन नावं लिहून आणत, आणि नावं इमानदारीनं दरवर्षी वरच्या वर्गात जात. पोरं मात्र डोंगरावरच. तपासणीच्या दिवशी डोकी कमी भरली तर शाळा बंद पडायची भीती. म्हणून दोन्ही गुरुजींमध्ये एक समजूत होती — तपासणीला पोरं उसनी द्यायची. त्यांची आमच्याकडे, आमची त्यांच्याकडे.

मी चौथीत होते तेव्हा त्यांच्याकडे तपासणी लागली. साहेब नवे, कुणाचं तोंड ओळखत नव्हते. आम्ही दहा-बारा जण सकाळीच निघालो. काय सांगू तुम्हांला त्या दिवसाची मजा! साहेब पौडकडून रस्त्यानं सायकलवर येणार आणि आम्ही खिंडीतून पळत त्यांच्या आधी पोचणार. वाटेत आवळे खाल्ले, वर झऱ्याचं पाणी प्यायलो — आवळ्यावर ते साखरेसारखं लागतं — आणि पोचेपर्यंत सगळ्यांच्या पायांवर धूळ.

तिथल्या गुरुजींनी आम्हांला रांगेत उभं केलं. "पोरांनो, आज तुमी तुमी न्हाई. ध्येनात ठेवा." मग एकेकाला एकेक नाव वाटलं, प्रसाद वाटावा तसं. माझ्या वाट्याला आली हौसा बिरू, इयत्ता चौथी. मला ते नाव आवडलं. मी ते मनात चार वेळा म्हणून पाहिलं.

साहेब आले, हजेरी झाली. हौसा बिरू? — हजर! मी सगळ्यांपेक्षा मोठ्यांदा ओरडले. आणि हजेरी अजून संपायची होती तोच दारात एक पोरगी येऊन उभी राहिली. माझ्याएवढीच. केस तेल लावून चापूनचोपून बसवलेले, अंगात कुणाचं तरी मोठं पोलकं. मागे अंगणात तिचा बाप, घोंगडीवाला, दोन-चार शेळ्या घेऊन. साहेब आल्यावर जी पोरं नसतील त्यांची नावं कापतात, असं कुणीतरी त्याला सांगितलं होतं. म्हणून तो लेकीला घेऊन आला होता.

"ही कोण?" साहेबांनी विचारलं.

"मी हौसा," ती म्हणाली. "बिरूची."

गुरुजी उगाच टोपी सारखी करायला लागले. साहेबांनी हजेरीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "मग तुझं नाव काय गं?"

इथं मला थांबू द्या. कारण लोक म्हणतील, दहा वर्षांचं पोर, गुरुजींनी शिकवलं तसं बोललं. पण मला सगळं कळत होतं. ती कोण हे मला कळलं होतं. नाव तिचं आहे हेही. आणि त्याच वेळी मला काय दिसत होतं? गुरुजींच्या टेबलावर नव्या पाट्यांचा गठ्ठा. गरीब मुलांना बक्षीस द्यायला साहेबांनी ट्रंकेतून बाहेर काढायला लावलेल्या. लाकडी चौकटीच्या, अख्ख्या.

तिच्या डोळ्यांकडे बघत मी म्हणाले, "हौसा बिरू."

"आणि ही?"

"ही वेडी हाय, साहेब," मी म्हणाले. "कुणाचंबी नाव सांगती."

हे मला कुणी शिकवलं नव्हतं. हे माझं.

पोरं हसली. साहेबांनी माझी परीक्षा घ्यायची म्हणून विचारलं, शेळी किती महिन्यांनी विते? आमच्या घरात शेळी माझ्या उशाशी निजायची — मी फाडकन सांगितलं, पाच! साहेब खूष. धनगराची मुलगी घरचं काम सांभाळून शिकते म्हणून त्यांनी मला पाटी दिली, आणि पेन काढून चौकटीवर स्वतः लिहिलं — हौसा बिरू, इयत्ता चौथी.

तोवर गुरुजी अंगणात जाऊन बिरूला हळूच समजावत होते. मी दाराशीच बसले होते, मला ऐकू येत होतं.

"आजचा दिस जाऊ दे, उद्या आण तिला."

"उद्या शेळ्या कोण राखील? आज दिस मोडून आणलीया."

"अरे, पर आज —"

"न्हाई गुरुजी, बघितलं मी," बिरू म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "आमच्या पोरीबिगरबी तिची हजेरी लागतीया. मग तिचं हितं काय काम?"

ती पुन्हा शाळेत आली नाही. मी घरी जाऊन बांगडीच्या काचेनं ते नाव खरवडलं. शाई लाकडात मुरली होती, म्हणून खोल खरवडावं लागलं. मग त्या पाटीवर बाराचा पाढा सबंध लिहिला, आणि खरं सांगते — मला आनंद झाला. फार झाला.

त्याच पाटीवर मी पुढे गेले. पौडला हायस्कूल, मग एस.टी.नं पुण्याला कॉलेज. आमच्या सात पिढ्यांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. सुट्टीत घरी आले की प्रौढशिक्षणाचा वर्ग चालवायची. वर्ग मिळाला तो धनगरवाड्यावर. दुपारी, शेळ्या सावलीला बसल्या की. तालुक्याहून पाट्या यायच्या होत्या, त्या काही आल्या नाहीत. मग मी माझी पाटी नेली.

आणि जांभळीखाली पहिल्याच रांगेत, मांडीवर तान्ही लेक घेऊन, ती.

मी तिला ओळखलं. तिनं मला ओळखलं का? अजून सांगता येत नाही. पण शिकायला काय बाई होती! तोंडानं सारखी चेष्टा. "बाई, हे 'ह' म्हंजी आमच्या बोकडाचं शिंग जणू!" सगळ्या बायका हसून लोळायच्या, आणि मीही. तिसऱ्या दिवशी तिनं माझ्या पाटीवर लिहिलं — हौसा. औच्या मात्रा दोन्ही शाबूत. लेकीला दाखवलं, शेळीला दाखवलं, सासूला हाक मारून दाखवलं. मग पाटी जवळ घेऊन चौकटीवरून बोट फिरवलं.

"बाई, हितं काय खरवडलंया?"

तेव्हा सांगता आलं असतं. हसता हसता सांगितलं असतं तरी चाललं असतं. एवढं सोपं पुन्हा कधी होणार होतं?

"उंदरानं खाल्लंय," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे बघितलं. एका उंदरासाठी बघावं त्यापेक्षा जरा जास्तच वेळ. मग फिस्सकन हसली. "लई शिकलेला उंदीर दिसतोय. नेमकं नाव लिवायच्या जागंवर खाल्लंय."

आणि पुन्हा लिहायला लागली. सुट्टी संपून जाताना मी पाटी तिच्याकडेच ठेवली. सगळ्यांना वाटलं, बाईचं मन मोठं. तेही मी वाटू दिलं.

उंदीर नव्हता. बांगडीची काच होती, हिरवी, आणि हात माझा. दारातली पोरगी वेडी नव्हती. तिचं नाव ती खरं सांगत होती आणि मी खोटं. एकदा दहा वर्षांची असताना, आणि एकदा चांगली कॉलेजात शिकत असताना.

मी बी.ए. झाले, मग डी.एड. केलं. आता खिंडीपलीकडच्या त्याच शाळेत मास्तरीण आहे. शाळेला दोन खोल्या झाल्या आहेत, फळा भिंतीवर आहे. माझ्या पटावर एकेचाळीस नावं आहेत आणि एकेचाळीस पोरं सतरंजीवर बसतात. तपासणीला आम्ही कुणाकडून पोर आणत नाही, कुणाला देत नाही. हौसाची लेक दुसरीत आहे. जूनमध्ये तिचं नाव घालायला हौसा स्वतः आली होती, आणि अंगठा उठवायचा शाईचा डबा मी पुढे करायच्या आत तिनं माझ्या हातातलं पेन घेऊन सही केली.