स्टोअररूममधली अळंबी

दिल्लीत आर. के. पुरममध्ये आमच्या सरकारी क्वार्टरच्या खालीच माझ्या ऑफिसातला एक नागपूरकर राहतो. गेल्या थंडीत त्याने बाल्कनीत धिंगरी अळंबी लावली. गव्हाचा भुसा उकळायचा, निथळून गार करायचा, त्यात अळंबीचं बियाणं मिसळून पिशव्या भरायच्या आणि टांगायच्या. माझे वडील रोज सकाळी त्यांवर पाणी फवारायला खाली जाऊ लागले.

आई गेल्यापासून बाबा माझ्याशी कामापुरतं बोलतात. खाली मात्र ते हसायचे. जिन्यातून ऐकू यायचं.

"काका, ही पिशवी तुमची हं. बघा कशी फुटलीय!"

"हळू बोल यार, नजर लावशील!"

यार! बाबांच्या तोंडून हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. त्या माणसाने माझं काही बिघडवलं नव्हतं, हे मला कळत होतं. तरी ऑफिसात त्याने नमस्कार केला की मी फाइलमध्ये डोकं घालायचो.

शेवटी मीही बियाणं आणलं. घरीच अळंबी आली तर बाबा खाली कशाला जातील? पिशवी भरून स्टोअररूममध्ये ठेवली आणि दार लावून घेतलं. खालच्यापेक्षा मोठे घोस आल्यावरच दाखवायचे, तोवर कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही. भुसा पांढराशुभ्र झाला, कोंब फुटले, तरी मी दार बंदच ठेवलं.

आठवड्याने, आता घोस आले असतील म्हणून बाबांना नेऊन दार उघडलं, तेव्हा पिशवीतून नुसते लांब, फिकट देठ लोंबत होते. टोकाला शर्टाच्या बटणाएवढ्या टोप्या.

"हवाच मिळाली नाही रे यांना," बाबा म्हणाले. "चल, खाली नेऊ. तो सांगेल काय करायचं ते."

"नको!" मी जवळजवळ ओरडलोच. "मी खिडकी उघडतो. तुम्हीच बघा या पिशवीकडे. इथेच."

बाबांनी मान डोलावली. मला जिंकल्यासारखं वाटलं, आणि लगेच त्याची लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्या पिशवीवर नीट पाणी फवारलं. मग काठी घेतली, चपला घातल्या.

"आता खाली कशाला?"

"चहाला."

"चहा इथेही असतो, बाबा."

"असतो की. पण तू पेपरात असतोस."

पेपर तेव्हाही माझ्या हातात होता. त्याची घडी घालेपर्यंत बाबा जिना उतरले होते. मी दार लावायला उठलो, पण लावलं नाही. खालून हसणं ऐकू आलं. कशावर हसले, ते मात्र कळलं नाही.