नाव अडली, काहील गेली

"तिथपस्तोर न्हाई जात वहिनी नाव. आताच सांगून ठेवतो. सोनाजीच्या वावरापस्तोर जाते. तिथून तुमचा काठ दिसतो, पन नाव पोचत न्हाई."

"मग काहील काय डोक्यावर नेऊ? सहा दिस झाले हळद काढून. ढिगात हात घातला तं आतून गरम लागून राहिला. अजून दोन दिस गेले की नासली समजा."

सत्यभामाबाईचं म्हणणं खोटं नव्हतं. हळद शिजवायची लोखंडी काहील, माणूस आडवा झोपेल एवढी, ट्रॅक्टरनं काठावर आणून टाकली होती. पुलावरून जायचं तर पस्तीस किलोमीटर, आणि पुढच्या गाडवाटेला ट्रॅक्टरवाला नाही म्हणाला. पलीकडच्या काठाला नवरा कोंडीबा चूल खोदून, सरपण लावून बसला होता.

"चला," मसाजी म्हणाला. "जाईल तिथवर नेतो."

मसाजी हटकराचा. धरण भरलं तेव्हा बारा वर्षांचा होता. आज पैनगंगेचं पाणी उभं आहे तिथं तो बापाची मेंढरं चारायचा. चराई बुडाली, मेंढरं विकली, मग त्यानं हिंगोलीहून पत्र्याची नाव जोडून आणली. नाव हाकताना तो पाण्याखालची वावरं मोजतो. हे थावराचं, हा पाणंदीचा उतार, इथं मेंढरं बसायची. दिवाळीला नाव थेट कोंडीबाच्या काठाला लागते, शिमग्याला सोनाजीच्या वावरात थांबते. विजयकुमार गुरुजी एकदा म्हणाले, गंगेत जहाज पार पाटण्याच्या पुढं जातं. मसाजी म्हणाला, "जाईल की. पोटाखाली पानी असंल तितं जाईल. जहाज काय चिखलावर चालून राहिलं का?"

काहील नावेवर आडवी टाकली. नाव वीतभर खाली बसली. भर पाणी ओलांडलं, थावराचं वावर गेलं, आणि सोनाजीच्या वावराच्या एक वावर अलीकडंच खर्रकन आवाज झाला. सत्यभामाबाई काहिलीवर आपटली.

"अहो, हे सोनाजीचं वावर व्हय?"

"न्हाई. हनुमानचं." मसाजीनं वल्हं खाली खुपसलं. टणक लागलं. "इथं धुरा नव्हता."

मग त्याला उमगलं. उन्हाळ्यात पाणी हटलं की लोक जुन्या वावरात गाळपेर करतात. हनुमाननं गेल्या उन्हाळ्यात आपल्या हद्दीला नवा धुरा, मातीचा बांध, घातला असणार.

"बुडालेल्या वावराला धुरा! शेजाऱ्याचे मासे चरतील म्हून घातला का रे भाड्या?"

"त्याला मागून शिव्या द्या. माझ्या हळदीचं काय?"

मसाजी पाण्यात उतरला. गुडघाभर पाणी, घोट्याइतका गाळ. पुढं कोंडीबाचा काठ दोन वावरं लांब. दोघांनी काहील उचलून नेणं शक्य नव्हतं, अन् परत फिरलं तर हळद गेली. त्यानं नावेचा तळ चाचपला, मग काहिलीचा. सपाट होता.

"वहिनी, जरा धरा. हिला पान्यात सोडू."

"बुडंल की!"

"भर पान्यात लाट आत शिरली असती. इथं लाट कुठं?"

दोघांनी रेटून काहील पाण्यात ढकलली. एक गचका खाल्ला आणि ती तरंगली. चार बोटंसुद्धा खाली बसली नाही. मसाजीनं कडीतून दोर ओवला.

"बसा आत."

"मी काय हळद हाय? लोक म्हनतील, मसाजीनं शिजवायला नेली."

ती चालत निघाली. वीस पावलांत गाळानं चप्पल गिळली, तेव्हा तिनं काहिलीची कड धरली. मसाजी पुढं ओढत होता, ती मागून रेटत होती. काठावरून कोंडीबा ओरडला, "नाव कुठं टाकली?"

"हनुमानच्या धुऱ्यावर. तू चूल पेटव!"

काहील काठाला लागली. तिघांनी उचलून चुलीवर ठेवली. सत्यभामाबाई हंड्यानं पाणी ओतायला लागली, कोंडीबानं ढीग फोडला, आतून वाफ आली. एक हळकुंड मोडून बघितलं, घट्ट होतं.

"चहा घेऊन जाय," कोंडीबा म्हणाला.

"न्हाई. तिकडं मानसं उभी हायत."

मसाजी परत चिखलातून नावेपाशी गेला. काठावरून ओढत आणलेली बाभळीची वाळकी फांदी त्यानं हनुमानच्या धुऱ्यात खोल रोवली, उद्या दिसावी म्हणून. नाव मागं ढकलली. पलीकडं पाच शेळ्या घेऊन एक बाई पदर हलवत होती. त्यानं वल्हं पाण्यात घातलं.