हातभर दरड

सांगलीजवळ कृष्णाकाठी माझी वीटभट्टी आहे. मातीत गोगलगाईंचे शंख राहिले की वीट फुटते, म्हणून आम्ही ते चाळून फेकतो. साताऱ्याच्या एक संशोधक बाई आम्ही माती काढतो त्या दरडीत तेच शंख शोधत यायच्या आणि प्रत्येकाला “काय गं” म्हणायच्या. कुठल्या थरात कुठला शंख, यावरून हजारो वर्षांपूर्वी पाऊस किती पडे ते त्यांना कळे.

मी मोठ्या मनानं पोतंभर शंख दिले. त्या उखडल्या, “आवं काका, थर मोडला! आता आधीचा कुठला, नंतरचा कुठला?”

दुसऱ्या दिवशी त्या माती खणायच्या मशीनसमोर दरडीला पाठ लावून बसल्या.

ड्रायव्हर म्हणाला, “गोगलगाईपायी मरताय व्हय?”

“गोगलगाईचं काम हाय, दादा. मला घाई न्हाई.”

त्यांनी भट्टी बंद पाडली, असं मीच गावात पसरवलं. खोटं होतं. त्यांनी फक्त हातभर दरड मागितली होती. ती मी सोडली, आजही उभी आहे. कुणी हात लावून दाखवावा.