अज्ञात सैनिकाचा अंगठा

संग्रहालयांच्या फलकांचे मजकूर सुधारणे, हे शारजातले माझे पोटापाण्याचे काम. अमिरातीच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका किल्ल्याचा इतिहास मी असाच, किल्ला न पाहता, घासूनपुसून दिला. तो बांधला पोर्तुगिजांनी. पण तेव्हा त्यांच्या गादीवर स्पेनचा राजा बसला होता, एवढ्या आधारावर संग्रहालयाच्या सल्लागारांनी किल्ला स्पॅनिश ठरवला. स्पॅनिश म्हटले की भारदस्त वाटते म्हणे. तोफेच्या धाकाने गलबतांकडून जकात उकळण्याला त्यांनी ‘सागरी व्यापाराचे संरक्षण’ म्हटले. मी फक्त स्वल्पविराम हलवला.

किल्ल्यातले संग्रहालय उघडल्यावर अजमानमधल्या एका ओळखीच्या गवंड्याने मला तिथे गाडीने न्यायची गळ घातली. वेंगुर्ल्याकडचा माणूस. किल्ल्याच्या दुरुस्तीवर त्याने वर्ष काढले होते आणि बायको व्हिजिट व्हिसावर आली होती. तिला आपली भिंत दाखवायची, एवढाच त्याचा हट्ट. चुना किती दिवस भिजवला, काम संपल्यावर वडिलांच्या रीतीप्रमाणे भिंतीच्या पायाशी ओल्या गिलाव्यात अंगठा कसा उमटवला, हे तो वाटभर सांगत होता. घरच्या पडवीचा गिलावा सात वर्षं करायचा राहिलाय, एवढेच ती म्हणाली.

भिंतीपुढे दोर बांधला होता. अंगठ्यावर काच, वर दिवा, शेजारी पितळी पाटी. इंग्रजी त्याला वाचता येत नव्हते. पण दिवा पाहून तो ताठ उभा राहिला.

“भाऊजी, काय लिवलंय, वाचा ना,” ती म्हणाली.

वाक्य ओळखीचे होते. मीच सफाईदार केलेले. चारशे वर्षांपूर्वी एका अज्ञात स्पॅनिश सैनिकाने ठेवलेली ही खूण, असे मी मराठीत वाचले.

तिने नवऱ्याकडे पाहिले. “सैन्यात कधी गेला होतात?”

तो हसला नाही. अंगठा जुळवून दाखवायला दोराखालून वाकला, तेवढ्यात पहारेकरी आला. “भाई, हाथ मत लगाना. ओरिजिनल है.”

तो मागे सरकला. वर्षभर ज्या भिंतीला हात लावल्याचा पगार घेतला, तिच्यापासून चार पावले. मग तिनेच त्याचा हात धरून अंगठा उजेडात उलटा केला. थापीने कापल्याची जुनी आडवी चीर होती. ती काचेपाशी बसून बराच वेळ पाहत राहिली.

“यांचाच आहे,” ती मला म्हणाली. “चीर बघा. तो बोर्ड बदलायला सांगा.”

मी सविस्तर पत्र लिहिले. गवंड्याचे नाव दिले, गाव दिले, मोबाइल नंबरही दिला. ती परत जायच्या आत उत्तर आले. सल्लागारांनी आभार मानले होते आणि मजकूर दुरुस्त केला होता. आता पाटीवर सैनिक नाही. चारशे वर्षांपूर्वीचा अज्ञात कारागीर आहे.