शेवटच्या बाकात अडकलेला सल्लागार

सल्लागारसाहेबांचं पोट चांगलंच सुटलंय, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढचं सगळं रामायण त्याच्यापायीच झालं!

शाळेनं कुठला डिजिटल फळा घ्यावा, कुठलं ॲप पोरांच्या गळ्यात मारू नये, हे सांगत फिरायचं, हा त्याचा धंदा. कुठल्या कंपनीचा मिंधा नाही. विक्रेते गाडीतून सोडतो म्हणाले तरी हा आपला घाम पुसत पायीच निघणार. बायको म्हणायची, "स्वतःचा चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधतो, आणि शाळांना काय दिसावं ते सांगतो!"

त्याचा एक नियम मात्र सोन्यासारखा. शेवटच्या बाकावर बसून अख्खा तास ऐकल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही.

आणि नेमका ताईच्याच शाळेत तो मोडला. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण, लहानपणी कान पिरगाळून पाढे घेणारी, आता मुख्याध्यापिका. एका वर्गात नमुन्याचा फळा बसवला होता. शिक्षक कुरकुरत होते. ताईनं ठणकावून सांगितलं, "माझा भाऊ बघून सांगेल. तो म्हणेल तसं दुपारी पालकांसमोर जाहीर करीन."

भाऊ वर्गात आला. बाक बघितला. पोट बघितलं. कडक इस्त्रीचा शर्ट बघितला. आणि गपचूप फळ्याशेजारच्या खुर्चीत जाऊन टेकला. तिथून काय, सगळं झकास!

"ताई, डोळे मिटून सगळ्या वर्गांत लाव."

मधल्या सुट्टीत हा नळावर हात धूत होता. शेजारी दोन मुलींच्या गप्पा चालल्या होत्या.

"आज फळ्यावर काय दाखवलं गं?"

"मागच्या बाकावर आम्हाला खिडकीच दिसते. आज कावळा पण होता."

साहेबांनी नळ तसाच वाहता सोडला. धावत वर्गात गेला, श्वास ओढून शेवटच्या बाकात घुसला. समोर बघतो तर धडाबिडा काही नाही! मागच्या खिडकीचं ऊन, झाड आणि कावळा, सगळं फळ्यात आरशासारखं.

तेवढ्यात ताई दारात. "अरे, चल लवकर! पालक येऊन बसलेत."

"ताई, उठता येत नाहीये. आणि सल्ला पण चुकलाय माझा."

ताई शेजारी बसली. फळ्याकडे बघितलं, तर तिलाही कावळाच दिसला.

"माझा भाऊ कधी चुकत नाही, असं सगळ्यांना सांगून बसलेय रे मी."

"मग आता सांग, चुकतो म्हणून. खुर्चीत बसून बघितलं मी. लाज वाटली बाकात शिरायची."

ताई उठून तरातरा गेली. हा मेल्याहून मेल्यासारखा. बाक सोडून तिच्यामागे जावं, तर बाकच सोडेना!

थोड्या वेळानं ताई परतली ती सगळ्या पालकांना घेऊनच. त्यांना मागच्या बाकांवर बसवलं.

"हा माझा भाऊ. खुर्चीत बसून चुकला, इथे बसल्यावर कळलं त्याला. आता तुम्हीच बघा काय दिसतंय ते."

"झाड!" एक आजोबा म्हणाले, आणि वर्गभर हशा पिकला.

मग अडकल्या जागेवरूनच त्यानं समजावलं. फळा बाजूच्या भिंतीवर घेऊन बघू, बाक तिकडे वळवू, आणि प्रत्येक वर्गात मागे बसून बघितल्याशिवाय एकही फळा घ्यायचा नाही. माना डोलल्या. ताईचा शब्द राहिला.

सगळे गेल्यावर ताईनं त्याला बाकातून ओढून काढलं आणि जुन्या सवयीनं कान धरला, पण हलकेच.

"उद्यापासून एकेक वर्ग बघायचा. आणि येताना सुतार घेऊन ये!"