कुंटे सरांची टेप

कुंटे सर लग्नाच्या मांडवातही खिशातून शिंप्याची टेप काढायचे आणि समोरच्याच्या पोटाला गुंडाळायचे. भोंगवलीत एकदा त्यांनी अक्षता पडायच्या आधी नवरदेवाच्या बापाचं माप घेतलं होतं. "वजन सोडा हो, पोट बघा. ते पुढे आलं की मागून साखर, रक्तदाब, चरबी सगळी वऱ्हाडी मंडळी येतात," म्हणायचे. भोरच्या आमच्या शाळेत ते जीवशास्त्र शिकवायचे आणि मी मराठी. माझ्या डब्यातली साखरभाताची वाटी बिनदिक्कत बाजूला सारणारा तेवढा एकच माणूस मला भेटला.

ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस हा शब्द मी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकला. माझा चेहरा बघून म्हणाले, "बाई, पेशी म्हणजे चूल. बेतानं लाकूड घातलंत तर भाकरी होते, कोंबलंत तर धूर. तो धूर रक्तवाहिन्या खराब करतो, मग इन्सुलिनचंही शरीरात कुणी ऐकत नाही. लाकूड काढा. भिंती पुसत बसू नका."

सांगणं असं, आणि स्वतःचं पोट मात्र टेबलाला टेकलेलं. निवृत्तीनंतर तर रोज सकाळी कुठल्या ना कुठल्या माजी विद्यार्थ्याकडे चहा आणि वर शिरा. विद्यार्थ्याच्या घरी नाही म्हणायचं नाही, हा त्यांचा बाणा होता. डॉक्टरांनी साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या होत्या, त्यांवर निभावत होतं.

मग एका गुरुपौर्णिमेला उत्रोलीचा सुनील आला. हाही सरांचा विद्यार्थी. घरची भातशेती भावावर टाकून तो कसल्याशा कंपनीचा अँटिऑक्सिडंट रस विकत हिंडायचा. पाया पडला आणि जांभळी बाटली पुढे ठेवली. "सर, तुमीच शिकवलं, धूर वाईट. ह्यो रस धूरच खातोय बगा. त्या गोळ्या लई गरम पडत्यात, सोडा आता." सरांनी बाटली कपाळाला लावली. गुरुदक्षिणा होती ना ती!

मी तणतणत त्यांच्या घरी गेले. "सर, लाकूड तसंच आहे. भिंती तुम्हीच पुसताय."

ते हसले. "बाई, सुनील माझ्या हाताखालून गेलाय. त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही, तर मी जन्मभर शिकवलं काय?"

सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, गोळ्यांचं पाकीट ताटाशेजारी ठेवायच्या, सर ते उचलून फडताळात टाकायचे. तेव्हा मला सुनीलचा राग यायचा. आज सरांचा जास्त येतो. सगळं कळणाऱ्या माणसानं असं वागावं?

छातीत कळ आली तेव्हाही ते वहिनींना म्हणाले, "थांब, आधी झाकणभर रस घेतो." त्या थांबण्यातच घात झाला. पुण्याला निघालेली गाडी नसरापूरला पोचायच्या आत सर गेले.

तेराव्याला सुनील आला. फोटोसमोर ढसाढसा रडला. ते रडणं खोटं नव्हतं, आणि तेच मला आजही सहन होत नाही. जेवणं उरकल्यावर त्यानं पिशवीतून एक टेप काढली. तिच्यावर कंपनीचं नाव छापलेलं होतं.

"सरांचीच शिकवण," तो वहिनींना म्हणाला. "काकू, जरा हात वर करा. तुमचं बी पोट सुटलंय. सरांनी रस लई उशिरा सुरू केला, तुमी तसं करू नका."

मी उठलेच होते. वहिनींनी मला नजरेनं बसवलं.

"ह्यांचा विद्यार्थी आहे तो," त्या म्हणाल्या आणि त्यांनी दोन्ही हात वर केले.